साहेबांच्या नावानं

दर मंगळवारी सकाळी साडेआठला एका शेती-निविष्ठा कंपनीच्या संचालकांचं पत्र काही हजार लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. त्यात कंपनीचे वितरक आहेत, तालुक्यातालुक्यातले कृषी सेवा केंद्रवाले आहेत, कृषी पदवी करणारी पोरं आहेत आणि शेतकरीही आहेत. वर 'नमस्कार', मग पावसापाण्याच्या दोन ओळी, मग एखादी आठवण, मग एक विचार, आणि खाली सही. सही साहेबांची. सहीच्या वरचं सगळं मी लिहितो, पाचोऱ्यात बसून. ऑफिस पुण्यात आहे. साहेबांना मी वर्षातून दोनदा भेटतो आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फोनवर ऐकतो.

या कामाला कंपनीत 'थॉट लीडरशिप न्यूजलेटर' म्हणतात. मराठीत त्याला शब्द शोधायला गेलं की पंचाईत होते. 'वैचारिक नेतृत्व' म्हटलं की टिळक-आगरकर डोळ्यासमोर येतात, आणि त्यांच्या शेजारी विद्राव्य खतांची पिशवी ठेवायला जीव धजत नाही. हा शब्द रूढ झाला तो १९९०च्या दशकात. जोएल कुर्ट्झमन नावाच्या संपादकानं तो चालवला, आणि तो ज्या नियतकालिकाचा संपादक होता ते एका व्यवस्थापन-सल्लागार कंपनीचंच होतं. म्हणजे शब्दही कंपनीच्या पत्रातूनच आला.

मित्र विचारतात, 'अरे, मग हे खोटंच नाही का? विचार त्यांचा नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं त्यांचाच आहे.' मी काही दिवस हसून टाळलं. पण प्रश्न चांगला आहे, त्यामुळे तो नीट धरून बघावा असं वाटतं.

पहिल्यांदा एक सोपी गोष्ट बाजूला करू. दुसऱ्यानं लिहिलं म्हणून मजकूर खोटा होत नाही. कुठल्याही तहसील कचेरीबाहेर जा. टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसलेले असतात. 'मी खाली सही करणार, राहणार अमुक, विनंती करतो की' अशी त्यांची सुरुवात असते. तो 'मी' लिहिणाऱ्याचा नसतो, हे अर्जदाराला ठाऊक असतं, तहसीलदारालाही ठाऊक असतं. कोणी कोणाला फसवत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये तर हा रीतसर धंदा होता. तिथे कोर्टात आपली बाजू स्वतःच मांडावी लागे, म्हणून लोक लिसियससारख्या माणसाकडून भाषण लिहून घेत, पाठ करत आणि 'मी' म्हणून उभे राहत. त्यातही लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण घर जाणार होतं ते बोलणाऱ्याचं. भाषण लिहिणाऱ्याचं नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आणि गाणी उतरवून घेतली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि संग्रह निघाला १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. कागदावरचं अक्षर एकाचं आणि त्यातला शब्दन्‌शब्द दुसरीचा. त्यामुळे 'हे बहिणाबाईंचं' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. माझ्या मंगळवारच्या पत्रात सगळं उलटं आहे. अक्षर संगणकाचं, शब्द माझे, आणि नाव तिसऱ्याचं. मग त्या तिसऱ्याचं त्यात नेमकं काय आहे?

वीस मिनिटांच्या फोनवर मी मुख्यतः प्रश्न विचारतो. 'या आठवड्यात कोणाशी वाद झाला?' हा माझा आवडता. माणूस वाद सांगायला लागला की त्याचं खरं मत बाहेर येतं. 'तुमचं व्हिजन काय' विचारलं की प्रेझेंटेशन बाहेर येतं. त्यातून एकच मुद्दा उचलायचा. एका पत्रात दोन मुद्दे घातले की वाचणारा दोन्ही विसरतो. चारशे शब्दांच्या आत संपवायचं, कारण फोनवर अंगठा चौथ्यांदा सरकवायचा कंटाळा येतो. विषयाच्या ओळीत हुशारी नको, 'मक्याचा भाव का पडला' एवढं साधं लिहिलं तर पत्र उघडलं जातं. आठवण मात्र मी कधी रचत नाही. साहेबांच्या लहानपणी विहीर होती का, हे त्यांना विचारतो. नव्हती म्हणाले तर पत्रात विहीर येत नाही. हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला, आणि मार्केटिंगच्या पोरांना तो फार मजेशीर वाटला. एकजण म्हणाला, 'सर, रिलेटेबल तरी करा.' रिलेटेबल म्हणजे दुष्काळ, उसवलेली चप्पल आणि आईचं मंगळसूत्र. हे तिन्ही आता इतक्या संस्थापकांच्या आयुष्यात सापडतात की गहाणवटीच्या दुकानात जागा उरली नसेल.

हेही सांगितलं पाहिजे की या पत्रात बोटाच्या टोकापेक्षाही लहान, एका ठिपक्याचं अदृश्य चित्र असतं. तुम्ही पत्र उघडलं की ते चित्र मागवलं जातं आणि कंपनीला कळतं की अमुक माणसानं रात्री अकरा चाळीसला पत्र उघडलं. २०२१पासून ॲपलच्या फोनवर अशी चित्रं वाचणाऱ्यानं काही न करताच आधी उतरवली जाऊ शकतात, त्यामुळे तो आकडा आता अर्धा भूतबाधेसारखा झालाय. तरीही दर सोमवारी बैठकीत तोच आकडा दाखवला जातो.

किर्लोस्करवाडीची गोष्ट मला या धंद्यात आल्यावर नव्यानं कळली. तोवर 'किर्लोस्कर' हे फक्त आजीच्या पेटीतलं जुनं मासिक होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. म्हणजे नांगर विकण्याआधी एक विचार विकावा लागणार होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले गृहस्थ, जाहिरातीचं काम बघत. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. नावातच सगळं होतं. कारखान्याची खबर. आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर. गंमत अशी की जगातलं या प्रकारचं एक जुनं पत्र, 'द फरो', हेही नांगरवाल्याचंच. जॉन डीअर कंपनीनं ते १८९५ साली सुरू केलं. नांगरवाल्यांनाच हे आधी का सुचलं असावं? मला वाटतं, नांगर एकदा घेतला की गिऱ्हाईक पुढची कितीतरी वर्षं दुकानाकडे फिरकत नाही. मधल्या काळात त्याच्याशी बोलत राहायला काहीतरी निमित्त हवं.

पुढे जे झालं ते कुठल्याही मार्केटिंग मॅनेजरला घाम फोडेल. 'खबर' हा शब्द गळून पडला, 'किर्लोस्कर' उरलं, आणि त्यातून नांगरही हळूहळू मागे सरला. कथा आल्या, अंधश्रद्धेवर लेख आले, बायकांच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे प्रश्न आले. १९३०च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तिथे छापून आले. १९३० साली 'स्त्री' निघालं, १९३४ साली 'मनोहर'. हे वाचणारे सगळेच खूश नव्हते. ज्यांना नांगर विकायचा त्यांच्यातल्याच सनातनी माणसाला दुखावणारा मजकूर दर महिन्याला छापायचा, म्हणजे स्वतःच्या धंद्याला थोडी तोशीस लावून घेणं होतं. शंकररावांनी पुढे 'शंवाकीय' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी इंग्रजी ब्लॉग वाचण्याआधी ते चाळावं.

तर मला यातून एक कसोटी सुचली. ज्या पत्रात कंपनीला न परवडणारं एकही वाक्य वर्षभरात येत नाही, ते पत्र विचाराचं नाही. त्यात माहिती असेल, ती खरीही असेल, पण विचार नसेल. मत असणं म्हणजे त्याची किंमत द्यायची तयारी असणं. फुकटचं मत हे नुसतं सजवलेलं दुकान असतं.

ही कसोटी कागदावर छान दिसते. ती प्रत्यक्षात लागली ती कपाशीवर.

आमच्याकडे कपाशी म्हणजे नुसतं पीक नाही, पोरीचं लग्न आणि पोराची फी आहे. २००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली, आणि काही वर्षं बोंडअळी हा विषय संपलाय असंच लोक धरून चालले. मग गुलाबी बोंडअळी दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही दाद देईना, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्याच वर्षी यवतमाळ भागात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून ऑगस्ट उजाडला की अळीची भीती आणि औषधाची विक्री एकदमच वर चढतात.

ऑगस्टच्या एका पत्राचा विषय साहेबांनीच सुचवला होता: बोंडअळीला घाबरू नका, बघा. मी तसं लिहिलं. डोमकळी कशी ओळखायची, म्हणजे गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल. कामगंध सापळे कसे लावायचे. हंगाम संपला की फरदड का ठेवायची नाही. आणि मधोमध एक वाक्य होतं, जे कृषी शास्त्रज्ञांच्या शिफारशींमध्ये वर्षानुवर्षं आहे: सापळ्यात सलग तीन रात्री, रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा. त्याला जोडून मी लिहिलं होतं, त्याआधी फवारणीची घाई करू नका, पैसे जातात आणि मित्रकीटक मरतात.

मंगळवारी पत्र इतरांसारखंच माझ्याही इनबॉक्समध्ये आलं. ते वाक्य त्यात नव्हतं. अंतिम मजकूर पुण्याहून सुटतो. विक्री विभागानं शेजारी शेरा मारला होता, 'हे आवश्यक आहे का?', आणि वाक्य उडवलं होतं. बाकी पत्र जसंच्या तसं. डोमकळी होती, सापळे होते, फरदड होती, आणि शेवटी 'वेळीच पावलं उचला' होतं.

आता यात खोटं काय होतं ते दाखवा. काहीच नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८६ साली एका निबंधात एक उपयोगी भेद केला होता. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, म्हणून तर तो ते लपवतो. थापाड्याला खऱ्याखोट्याशी घेणंदेणंच नसतं, त्याला फक्त परिणाम हवा असतो. आमचं पत्र या दोघांपैकी कशातच बसत नव्हतं. लिहिणाऱ्याला खरं माहीत होतं, कापणाऱ्यालाही माहीत होतं, आणि सही करणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. खोटेपणा तिघांत वाटला गेला की तो कोणाच्याच वाट्याला उरत नाही.

दोन दिवसांनी गिरणेकाठच्या गावातून आमच्या आप्पांचा व्हॉट्सॲप आला. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, सहा एकर कपाशी. कोणीतरी त्या पत्राचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. मी ते लिहितो हे आप्पांना माहीत नाही. माझं काम 'कम्प्युटरचं' आहे एवढंच घरात ठरलेलं आहे. फोटोखाली त्यांनी विचारलं होतं, 'हाई खरं शे का?'

मी फोन केला. म्हटलं, 'आप्पा, खरं आहे, पण अर्धं आहे. सापळ्यात पतंग किती पडतात?'

'दोन. काल तीन होते.'

'मग थांबा. रोज मोजा. सलग तीन रात्री आठच्या वर गेले तर बघू.'

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'एवढं सोपं आहे, तर त्या साहेबांनी लिहिलं का नाही?'

पत्राचा हा प्रश्न प्लेटोनं 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी घातलाय. लिहिलेला मजकूर चित्रासारखा असतो, त्याला काही विचारलं की तो गप्प राहतो, आणि ज्याच्या हाती पडू नये त्याच्याही हाती पडतो, अशी त्याची तक्रार आहे. त्या संवादाची सुरुवात नेमकी लिसियसनं लिहिलेल्या भाषणापासून होते, हा योगायोग नाही. आमच्या पत्राला तर गप्प राहण्याची व्यवस्थाच केलेली होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'नो-रिप्लाय' होतं. 'मित्रांनो' म्हणायचं, 'तुमच्याशी मनातलं बोलतो' म्हणायचं, आणि समोरच्यानं 'पण साहेब' म्हटलं तर तो शब्द कुठेही पोचणार नाही अशी तजवीज करायची. मला वाटतं, मित्रांचा मूळ आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवत होता. दुसऱ्यानं लिहिलं यात फसवणूक नाही. ज्याचं नाव आहे त्यानं वाचलं नाही, आणि त्याला विचारता येत नाही, यात ती आहे. तहसील कचेरीबाहेरचा अर्जदारसुद्धा सही किंवा अंगठा करण्याआधी म्हणतो, 'वाचून दाखवा.'

पुढच्या फोनवर मी साहेबांना ते वाक्य वाचून दाखवलं आणि पत्रात ते नव्हतं हे सांगितलं. अपेक्षा होती की ते विक्री विभागाची अडचण समजावून सांगतील. अडचण खोटीही नाही. ऑगस्टमध्ये माल हलला नाही तर वितरकाचे पैसे अडकतात, आणि त्यामागे गोडाऊनमधल्या पोरांचे पगार असतात. पण ते म्हणाले, 'माझ्या नावाखालून ते कोणी काढलं?' आणि मग स्वतःच म्हणाले, 'मी वाचलंच नव्हतं ना.'

मी दोन गोष्टी मागितल्या. पत्र सुटण्याआधी साहेबांनी ते मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायचं. आणि उत्तराचा पत्ता त्यांचा स्वतःचा हवा. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर आठवडाभर आयटीवाल्यांशी घोळ चालला, मग तीही झाली.

मोठ्यानं वाचण्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता तिथे झाला. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका वाक्यावर ते थांबले. शेतीचं भविष्य डेटामध्ये आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं, आणि मला ते बरंच जमलंय असं वाटत होतं. ते म्हणाले, 'हे मी कधी म्हणणार नाही. मला असं वाटतच नाही.' मग दहा मिनिटं त्यांना काय वाटतं ते सांगत बसले. ते माझ्या वाक्याइतकं चमकदार नव्हतं, जरा गुंतागुंतीचंच होतं. तेच छापलं. पत्र त्यांचं होतं असं मी छातीठोकपणे म्हणेन ते त्या दिवसापासून.

मार्केटिंगच्या पोरांनी मध्यंतरी एक प्रयोग केला. साहेबांची जुनी पत्रं एआयला दिली आणि एका दुपारीत बारा नवी पत्रं काढली. मला पाठवली, जरा दबकतच. वाचली. वाईट नव्हती. शैली बरीचशी माझीच होती, त्यामुळे मला फार नावं ठेवता येईनात. उगाच 'यंत्राला काळीज नसतं' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. साहेब वाचत नव्हते तेव्हा माझ्या आणि त्या यंत्राच्या कामात फरक तरी काय होता? दोघंही अशा माणसाच्या वतीनं 'मला वाटतं' लिहीत होतो ज्याला ते वाटलं की नाही हे कोणी तपासत नव्हतं. यंत्रानं लिहिलेलं पत्रही जर साहेब मोठ्यानं वाचणार असतील, अडणार असतील, 'हे मला वाटत नाही' म्हणणार असतील, तर माझी हरकत फक्त पोटापाण्याची उरते. पोरांना मी तसं सांगितलं. त्यांनी बारा पत्रं साहेबांकडे वाचायला पाठवली. साहेबांनी दोन वाचली आणि मला फोन केला, 'यात कोणाशीच वाद नाहीये रे.'

बोंडअळीच्या त्या पत्राचं पुढे असं झालं की पुढच्याच मंगळवारी ते वाक्य छापून गेलं, वर एक ओळ घालून: मागच्या पत्रात हे राहिलं होतं. विक्री विभागानं माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला. आप्पांच्या सापळ्यात त्या आठवड्यात पतंग पाचाच्या वर गेले नाहीत. पुढे सप्टेंबरात गेले, तेव्हा त्यांनी एकदा फवारणी केली, आणि औषध नेमकं आमच्याच कंपनीचं घेतलं, हे मी विक्री विभागाला मुद्दाम कळवलं.

नवा पत्ता सुरू झाल्यावर पहिली उत्तरं आली त्यात एका वितरकाचं होतं. 'साहेब, तुम्हीच असं लिहायला लागल्यावर आम्ही औषध विकायचं कसं?' साहेबांनी ते मला पाठवलं आणि विचारलं, उत्तर तू लिहितोस का. मी नाही म्हटलं. रात्री उशिरा त्यांनी स्वतःच लिहिलं, फोनवर, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवून: 'आठ पतंग झाले की विका. मोजायचं कसं ते दुकानात दाखवा. सापळे मी पाठवतो.'